इनास हरवत नाही

ओळखसाक्षीच्या कायद्यात पहिलंच कलम असं आहे की साक्षीदार नात्यातला नसावा. ज्याची साक्ष द्यायची त्याच्याबरोबर किमान दहा वर्षं काम केलेला, पण त्याच्या घरात कधी न राहिलेला माणूस लागतो. नात्यातली माणसं चालत नाहीत, कारण त्यांना आपला माणूस परत हवा असतो, आणि एकदा हवा असला की तो दिसायलाही लागतो.

म्हणून इनास तुस्कानोची साक्ष द्यायचं काम त्याच्या बायकोकडे, रेजिनाकडे न येता जसिंता लोपीसकडे आलं होतं. जसिंता अठ्ठावन्न वर्षांची. वसईत इनासचा जॅझ वाजवणारा एक छोटा बँड होता, त्यात ती एकतीस वर्षं उभा बास वाजवत होती. उभा बास म्हणजे माणसाच्या उंचीचं, व्हायोलिनच्या घडणीचं वाद्य; बँडमधला सगळ्यात खालचा सूर त्याचा. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिला सरकारी मेंदूकेंद्रात जाऊन एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: 'हा माणूस तोच आहे का?' उत्तराला दोन रकाने होते, होय आणि नाही. 'बहुतेक' असा रकाना कायदा करणाऱ्यांनी ठेवला नव्हता, आणि जसिंताच्या मनात वर्षभर नेमकं तेच होतं.

पंधरा महिन्यांपूर्वी इनासच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. हातपाय शाबूत राहिले, कान शाबूत राहिले, डोळे उघडे होते. पण तो काही करेनाच. पाण्याचा पेला ओठांपासून वीतभर अंतरावर ठेवला तरी हात पुढे होत नव्हता. खिडकीशी खाट होती, तिथे तो शहाण्णव दिवस पडून राहिला. शेवटी केंद्राने त्याच्या डोक्यात यंत्र बसवलं.

ते यंत्र काय करतं हे केंद्रातल्या डॉ. निशिगंधा परुळेकर यांनी तेव्हा जसिंताला समजावून सांगितलं होतं. जसिंता शाळेत विज्ञानात कायम काठावर पास झालेली, पण प्रश्न विचारायला लाजणारी नव्हती.

"हवंसं वाटणं आणि करणं यांच्यामध्ये मेंदूत एक पूल असतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तुमचा हात हलतो ना, त्याच्या थोडं आधीच, समजा अर्ध्या सेकंदाआधी, मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते. इनास यांचा तो पूल पडलाय. अलीकडे इच्छा उठते, पण पलीकडे पोचत नाही."

"मग तुम्ही पूल बांधणार?"

"पूल नाही, होडी म्हणा. अलीकडे उठलेली इच्छा आमचे धागे वाचतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. पण वाचन अर्धवट असतं. इच्छेची नुसती सुरुवात हाती लागते. बाकीचं यंत्र अंदाजाने भरतं. हा माणूस अशा वेळी आजवर काय करत आलाय, त्यावरून."

"हे त्याला कुठून ठाऊक?"

"घरातले व्हिडिओ, पत्रं, घरच्यांच्या आठवणी. शिवाय तुमच्या बँडची चाळीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज."

यंत्राचं सरकारी नाव पूर्वचालक. लोक त्याला 'आगाऊ' म्हणत, कारण मालकाच्या आधीच ते निम्मं काम करून बसतं.

"वाचन किती आणि अंदाज किती, ते मोजता येतं?" जसिंताने विचारलं होतं.

"पहिल्या महिन्यात येतं. तेव्हा ऐंशी टक्के वाचनच असतं. पुढे नाही येत. यंत्राने पाठवलेला संदेश मेंदूत फिरतो आणि परत आमच्याच धाग्यांवर येतो. एका दोराला दोघं लागले की कोण किती ओढतंय ते दोर बघून सांगता येत नाही. त्यात मेंदू पडला आळशी. न मागता चहा मिळायला लागला की माणूस मागायचं सोडतो."

"आणि मागणारा उठून गेला तरी चहा येत राहतो."

डॉक्टरांनी मान डोलावली. कारण तसं एकदा घडलेलं होतं. यंत्र बसवलेले एक गृहस्थ वारले, तेव्हा तपासणीत निघालं की त्यांच्या मेंदूतली इच्छा उठण्याची जागाच चार वर्षांपूर्वी मेली होती. त्या चार वर्षांत त्यांनी मुलीचं लग्न लावलं होतं, व्याह्यांशी भांडण काढलं होतं, ते मिटवलंही होतं. चार वर्षं त्या घरात एक अंदाज वावरत होता आणि कुणाच्या मनात पालसुद्धा चुकचुकली नव्हती. त्यानंतर हा कायदा आला. यंत्र बसवल्याला वर्ष झालं की साक्ष घ्यायची. 'होय' आलं तर यंत्र कायमचं. 'नाही' आलं तर एक इंजेक्शन देतात, मेंदूतले धागे काही मिनिटांत विरघळतात आणि माणूस जिथून उठला होता तिथे परत जातो; यंत्र पुन्हा बसवता येत नाही. आधी फेरविचाराला महिन्याची मुदत होती. त्या महिन्यात नातेवाईक साक्षीदाराच्या दारात धरणं धरून बसायला लागले, म्हणून ती मुदत काढून टाकली.

"त्यालाच का नाही विचारत, बाबा तू आहेस का म्हणून?" जसिंताचा शेवटचा प्रश्न.

"तो 'आहे'च म्हणणार. खोटं नाही बोलणार, त्याला तसं वाटेलच. हात ठरल्यासारखा हलला की मेंदू मागाहून शिक्का मारतो, हे मी केलं. तुमचा-माझा मेंदूही हेच करतो. शिक्क्यावरून काही कळत नाही."

पहिल्या महिन्यात, म्हणजे ऐंशी टक्के इनास असताना, इनासने स्वतः जसिंताला साक्षीदार नेमलं. कागदावर अंगठा टेकवून झाल्यावर त्याने तिचं मनगट धरलं. "जसू, मी गेलो आणि हेच वाजवत राहिलं, तर थांबव. रेजिनाला जमणार नाही. तुला कळेल." ती हो म्हणाली. तो हो तिच्या मानेवर वर्षभर बसून होता.

सुरुवातीचे दोन महिने फार बरे गेले. पाचूबंदरला बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता, त्याच्या रिकाम्या शीतखोलीत दर शनिवारी चार वाजता बँडची तालीम व्हायची, ती परत सुरू झाली. इनास गिटारवर, जसिंता बासवर, आणि ड्रमवर बस्त्याव, जो एरवी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. दाराजवळच्या बाकावर रेजिना विणकाम घेऊन बसे. नवरा गिटार जुळवताना बघून ती चक्क रडायची.

केंद्राने रेजिनाला आणि जसिंताला फोनवर एकेक नोंदवही उघडून दिली होती. माणसात काही फरक वाटला तर त्यात लिहायचं, म्हणजे यंत्र सुधारता येतं. जसिंताने एका मंगळवारी प्रामाणिकपणे लिहिलं: 'पूर्वी चौथी तार जुळवताना इनासदादा तिला शिवी द्यायचा. आता देत नाही.' पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी इनासने चौथी तार पिळली आणि तिला शिवी दिली. तीच शिवी, तोच सूर.

रेजिना हसली, बस्त्याव हसला. जसिंताही हसली आणि घरी जाताना रस्त्यातच थांबली. आपण मुलाला उत्तर सांगून मग त्याची परीक्षा घेतोय, हे तिच्या ध्यानात आलं. लिहिलेलं यंत्रात कधी चढतं, असं तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ते साक्षीदाराला सांगायला मनाई आहे, साक्षीदार मग दिवस मोजत बसतात. त्या दिवसापासून जसिंता वहीत 'सर्व ठीक' एवढंच लिहू लागली. कारण तिच्याकडे एक खूण होती. ती तिला जपायची होती.

त्या खुणेसाठी इनासचं वाजवणं थोडं समजून घ्यायला हवं.

जॅझमध्ये प्रत्येक गाण्याला खालून स्वरांचा एक आधार असतो. ठरावीक स्वर एकदम वाजवून तो उभा राहतो, त्याला कॉर्ड म्हणतात. त्या कॉर्डमध्ये बसणारे स्वर वाजवले की कानाला घरात असल्यासारखं वाटतं. पण वाजवणारा पक्का असला की तो मुद्दाम घराबाहेर पडतो. इनासची आवडती चाल म्हणजे डी मायनर या कॉर्डवर वाजवता वाजवता अख्खी ओळ एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरची एक पट्टी, वर सरकवायची. सगळे स्वर चुकीचे, पण ओळ मात्र घोटीव. ऐकणाऱ्याच्या कानात कुसळ सलतं. चार-आठ मोजण्या तसं छळून तो परत आत आला की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. चूक आणि बाहेर जाणं यांत फरक एवढाच, की बाहेर गेलेल्याला परतीची वाट ठाऊक असते.

आणि कुणीतरी घरी राहावं लागतं. सगळेच बाहेर पडले तर बाहेर असं काही उरतच नाही. इनासच्या बँडमध्ये याला 'घर धरणं' म्हणत, आणि ते काम जसिंताचं होतं. तो बाहेर गेला की ती मूळ सुरावर पाय रोवायची आणि हलायची नाही. एकतीस वर्षांत ती एकदाही हलली नव्हती.

आता खूण. इनास दहातून एखाद्या वेळी खरोखर हरवायचा. एक फ्रेट वर, तिथून तीन फ्रेट पुढे, तिथून आणखी कुठेतरी, आणि मग वाटच सापडेना. हे ऐकणाऱ्यांना कळत नसे. तेव्हा तो मान न हलवता फक्त डोळे उचलून जसिंताकडे बघायचा. जत्रेत बापाचा हात सुटलेल्या पोरासारखं ते बघणं होतं. ती मूळ सूर जरा जोरात द्यायची, त्यावरून तो घर शोधायचा. हे दोघांच्या पलीकडे कुणाला माहीत नव्हतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता आवाज असतो, डोळे नसतात.

यंत्र बसल्यापासून इनास बाहेर जात होता, उत्तम जात होता. एक फ्रेट वर, आठ मोजण्या, की परत. डॉ. परुळेकर एकदा तालमीला येऊन खूश होऊन गेल्या. "अंदाज नेहमी वहिवाटेने जातो, जसिंताबाई. हे तर वाट सोडून चाललेत. म्हणजे आत माणूस आहे."

"वाट सोडणं हीच त्याची वहिवाट आहे, डॉक्टर. चाळीस वर्षांची."

पन्नास शनिवार झाले. इनास एकदाही हरवला नाही. एकदाही त्याने डोळे उचलून तिच्याकडे बघितलं नाही. तो चुकतमाकत असता तर जसिंता कधीच 'होय' लिहून मोकळी झाली असती.

साक्षीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी रेजिना तिच्याकडे आली. ओट्यावर पापलेटं साफ करायची पडली होती. रेजिनाने न सांगता सुरी उचलली आणि खवले काढायला बसली.

"सोमवारी काय लिहिणारेस?" तिने मान वर न करता विचारलं.

"वहिनी, ते विचारायचं नसतं."

"नसेल. मी विचारतेय." खवले उडत होते. "शहाण्णव दिवस मी त्याच्या तोंडात चमच्याने पेज घातली. तो गिळायचा, पण मी घालतेय का कोण घालतंय, काही नाही. आता रोज सकाळी विचारतो, रेजिना, गुडघा कसा आहे? आधी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

"तेच तर. आधी विचारायचा नाही."

"मग बरा झाला म्हण ना! माणूस मरणाच्या दारातून आला तर बदलणार नाही? तुला काय, तो वाईट वागायला हवाय?"

जसिंता चिडली. वर्षभर कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या चिडण्यात बाहेर आलं. "मला तो हरवायला हवाय, वहिनी! पूर्वी वाजवता वाजवता हरवायचा. हरवला की माझ्याकडे बघायचा. वर्ष झालं, तो हरवत नाही आणि माझ्याकडे बघत नाही. आत कोणी असतं तर एकदा तरी घाबरलं असतं."

रेजिनाची सुरी थांबली. मग तिने पापलेटं धुऊन ताटलीत लावली, हात पुसले आणि जाताना एवढंच म्हणाली, "एवढंच ना?"

ती गेल्यावर जसिंता कपाळाला हात लावून बसली. जपून ठेवलेली एकुलती एक खूण तिने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती, आणि तीही रेजिनाला, जिच्याकडे दुसरी वही होती.

शनिवारी चारला शीतखोलीत चौघं जमले. इनासचंच एक जुनं गाणं होतं, 'भरती' नावाचं, सगळं डी मायनरवर उभं. दोन फेऱ्या झाल्या आणि इनास बाहेर पडला. एक फ्रेट वर. आठ मोजण्या झाल्या, तो परतला नाही. तिथून तीन फ्रेट पुढे गेला, मग एका अशा स्वरावर थांबला की जो ना इथला ना तिथला. बस्त्यावची काडी अडखळली. इनासने तोच स्वर दोनदा, तीनदा वाजवला. मग मान न हलवता डोळे उचलले आणि जसिंताकडे बघितलं.

जसिंताच्या हाताने विचार केला नाही. तिने खालचा डी, घरचा मूळ सूर, जोरात दिला, परत दिला, देत राहिली. इनास दोन मात्रा उशिरा, धडपडत आत आला. एक तार नीट दाबली न गेल्याने झणझणली. तो मोठ्याने हसला. "च्यायला, गेलो होतो की!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसण्यासाठी तिने तोंड फिरवलं आणि तिला दाराजवळच्या बाकावर रेजिना दिसली. रेजिना नवऱ्याकडे बघत नव्हती. विणकाम मांडीवर ठेवून ती जसिंताच्या चेहऱ्याकडे बघत होती, औषध लागू पडलं की नाही हे बघावं तशी.

गाणं कसंबसं संपलं. जसिंता तिच्यापाशी गेली. "वहिनी, वहीत लिहिलंत?"

"काल संध्याकाळीच लिहिलं," रेजिना म्हणाली. "मग? तुला हवं ते मिळालं ना? आता लिही होय."

"हे त्याने नाही केलं. तुम्ही केलंत."

"कुणी का करेना!" रेजिनाचा आवाज फाटला. "घरात माणूस असतो की नसतो, जसू. तू रात्री एकटी त्या खाटेशी बसून बघ, मग मला शिकव."

इनास गिटार पेटीत ठेवत होता. त्याला हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. निघताना तो जसिंताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज मजा आली गं. वर्षभर तुझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखा हातचं राखून वाजवत होतो. चुकलो तर तू काय लिहिशील, या धास्तीने. आज म्हटलं, मरू दे. परवा निकाल लागायचा तो लागेल, आज तरी जाऊ कुठे जायचंय तिथे."

कुणाचंही काळीज हललं असतं. जसिंताचंही हललं, पण लगेच तिच्या मनात आलं की हेही कुणीतरी लिहून दिलं असेल. एकदा शंकेची सवय लागली की चांगला शब्दसुद्धा पुरावा म्हणून विरुद्ध बाजूला जातो. तिला मनगटावरची ती पकड आठवली. मी गेलो आणि हेच वाजवत राहिलं, तर थांबव.

रविवारी ती चर्चमध्ये मिस्साला गेली, पण प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. एका माणसाला दिलेला शब्द यंत्राविरुद्ध पाळणारं आता आपल्याशिवाय कोणी नाही, असं तिला वाटत राहिलं. रेजिनाला फसवलं जातंय आणि रेजिनाला ते चालतंय. मग इनासच्या बाजूने कोण आहे?

सोमवारी अकरा वाजता केंद्रातल्या छोट्या खोलीत तिच्यासमोर पडदा आला. डॉ. परुळेकर शेजारी बसल्या होत्या, पण उत्तर नोंदेपर्यंत त्यांनी साक्षीदाराशी एक शब्दही बोलायचा नाही असा नियम होता. जसिंताने बराच वेळ हात मांडीवर ठेवला. मग 'नाही'वर अंगठा टेकवला. पडदा हिरवा झाला. तळमजल्यावर इनासजवळ थांबलेल्या नर्सला निरोप गेल्याचा एक बारीक आवाज आला.

डॉक्टरांनी श्वास सोडला. "कशावरून ठरवलंत?"

जसिंताने सगळं सांगितलं. डोळे उचलून बघणं, शुक्रवारची पापलेटं, शनिवारचा तो अडखळलेला स्वर. "खरा वाटला असता मला, डॉक्टर. पण वहिनींनी आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. उत्तर नोंदल्यावर घरच्यांची वही साक्षीदाराला वाचायला देतात, हाही नियमच होता. त्यांनी ती उघडून पडदा जसिंताकडे वळवला. रेजिनाचं शेवटचं लिखाण असं होतं:

'शुक्रवार. जसू म्हणाली, तो वाजवताना हरवत नाही आणि तिच्याकडे बघत नाही. इनासला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मुद्दाम करील आणि तिला ते कळेल. म्हणून यंत्रात घाला. कृपा करा.'

त्याखाली केंद्राचा शेरा होता: 'मंजूर. सोमवारी दुपारी बारा वाजता यंत्रात चढेल.'

जसिंताने तो शेरा दोनदा वाचला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"शनिवारी हे यंत्रात नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे शनिवारी तो..."

जसिंता खुर्ची पाडत उठली आणि जिन्याकडे धावली. वयाच्या मानाने ती फार वेगाने उतरली. तळमजल्यावर इनास बाहीची गुंडी लावत बसला होता आणि नर्स रिकामी सुई डब्यात टाकत होती. त्याने जसिंताला बघितलं आणि सगळं समजलं असावं. "जसू," तो म्हणाला, "अगं, शनिवारी मी..." वाक्य तिथेच राहिलं. गुंडीवरची बोटं हळूहळू थांबली.

पुढचे पाच शनिवार रेजिनाने तिला दार उघडलं नाही. सहाव्या शनिवारी जसिंता गाडीतून बास घेऊन आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. त्याला ऐकू येतं, एवढं डॉक्टरांनी रेजिनाला सांगितलं होतं. वाईट एवढंच, की काय वाटतं ते तो सांगू शकणार नाही.

इनास खिडकीशी खाटेवर होता. रेजिनाने त्याची दाढी केलेली होती, केस विंचरलेले होते. जसिंताने बास खाटेच्या पायथ्याशी उभा केला आणि 'भरती' वाजवायला लागली. तिची बाजू म्हणजे नुसता खालचा सूर. वर कोणी वाजवत नसताना तो ऐकायला काहीच नसतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या फेरीला इनासचे डोळे खिडकीवरून निघाले आणि तिच्यावर येऊन थांबले. हलणाऱ्या वस्तूकडे डोळे आपोआप वळतात, त्याला इच्छा लागत नाही, त्याचा अर्थ काढू नका, असं डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं. जसिंताने ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. पण ते बघणं ती एकतीस वर्षं ओळखत होती. त्यात चूक व्हायला जागा नव्हती, आणि आता ओळखून उपयोग नव्हता.

रेजिना पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिनेही नवऱ्याचे डोळे बघितले. "हेच का ते?" तिने विचारलं.

जसिंताने मान डोलावली. तिने डी जोरात दिला, परत दिला, देत राहिली. सहा वाजेपर्यंत ती घर धरून उभी होती, आणि तो तिच्याकडे बघत होता.